कंबरभर पाणी

गल्लीत अकरा घरं होती आणि पुरानं त्यातल्या दहा घरांत मुक्काम केला. अकराव्या घराच्या उंबऱ्याशीही तो आला होता, पण बोटभर खाली थांबला, त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, आणि दुसऱ्या दिवशी आल्या वाटेनं परत गेला.

ते अकरावं घर सुविचारचं. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी गल्लीच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर एक म्हण लिहायचा. कुणाचा मुलगा नापास झाला, म्हण. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, म्हण. एकदा कुणाची स्कूटर चोरीला गेली तर पोलिसांच्या आधी सुविचारची म्हण पोचली होती.

चार वर्षांपूर्वी घर बांधताना त्यानं जोतं तीन पायऱ्या उंच घेतलं. गल्ली पोट धरून हसली. "घर बांधताय की व्यासपीठ?" असं जाता-येता विचारून झालं. सुविचारनं तोंडी उत्तर दिलं नाही. त्यानं फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात एक म्हण लिहिली. वेळीच शहाणे होणारे आणि वेळ गेल्यावर शहाणे होणारे, अशी माणसांची सरळ वाटणी करणारी. ती कुणी पुसू नये म्हणून ऑइलपेंटनं लिहिली. रोजची म्हण त्याखाली, खडूनं. ऑइलपेंटातली म्हण कुणासाठी आहे हे त्यानं लिहिलं नव्हतं. दहा घरांना ते लिहिल्याशिवायच कळलं होतं.

पुरात खडूची म्हण गेली. ऑइलपेंट चांगल्या कंपनीचा होता.

पाणी ओसरल्यावर कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी तो फळा घेऊन त्याच्या दारात आल्या. फळा धुतलेला होता, पुसलेला होता. वहिनींची साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं ताठ झाली होती.

"भाऊजी, हा आमच्या स्वयंपाकघरात अडकला होता. फ्रीज गेला, धान्य गेलं. म्हटलं हा तरी जागेवर पोचवावा."

सुविचारनं त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. बराच वेळ शोधला. तो कुठेच सापडेना. टोमणा मिळाला असता तर त्यानं तो आनंदानं घेऊन घरात ठेवला असता. वहिनी खरोखर फळा द्यायलाच आल्या होत्या.

"तुमच्याकडे कितपत आलं होतं?" वहिनींनी सहज विचारलं. हातात वही होती. प्रत्येक घरात पाणी किती चढलं ते त्या लिहून घेत होत्या.

सुविचारला 'उंबऱ्याखाली' असं म्हणायचं होतं. पण तोंड उघडण्याआधी हात हलला. हात घोट्याशी गेला, तिथे त्याला कसंतरीच वाटलं, गुडघ्याशी आला, तिथेही कमी वाटलं, आणि शेवटी कमरेवर येऊन टेकला.

"कंबर," वहिनींनी लिहून घेतलं. "अरे देवा. एवढ्या उंचावरसुद्धा! मग हॉलवर या ना दोघं. शाळेच्या हॉलवर सगळी सोय केलीये."

"नको नको. आम्ही माळ्यावर झोपतो."

त्याच्या घराला माळा होता. त्यावर एक पत्र्याची ट्रंक मावत होती.

वहिनी गेल्यावर त्यानं दार लावलं आणि गादी उचलली. बायको भांडी लावत होती. तिनं पाहिलं, नवरा गादी मोरीत नेऊन तिच्यावर कळशी रिकामी करतोय.

"अहो, काय चाललंय?"

"गादी भिजवतोय."

"का?"

"सगळ्यांच्या गाद्या बाहेर पडल्यात. आपली एकही नाही. बरं दिसत नाही."

"प्यायचं पाणी आहे ते! दीड तास टँकरच्या रांगेत उभी होते मी!"

"अगं, थोडंच लागेल," म्हणत त्यानं दुसरी कळशी उचलली. गादी फार पाणी पिते, हे त्याला माहीत नव्हतं.

मग त्यानं ती ओली गादी दारासमोर टाकली आणि तिच्यावर चार मुठी चिखल फेकला. बायको दारात उभी राहून बघत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं त्याला घरकामात इतकं मन लावताना पाहिलं नव्हतं.

पुढचे चार दिवस सुविचार कामावरून आला की खाली मान घालून घरात शिरायचा आणि कडी लावायचा. कुणी विचारलं तर आत फरशीवर पाय घसरतोय म्हणायचा. एक म्हण त्याच्या तोंडातून बाहेर पडली नाही. गल्लीनं याची गंभीर दखल घेतली. ज्या माणसानं स्वतःच्या सासऱ्याच्या अंत्ययात्रेत तीन म्हणी सांगितल्या होत्या, तो गप्प म्हणजे धक्का फारच मोठा बसलाय, असं सगळ्यांचं मत पडलं.

आणि इथेच घोटाळा झाला.

गल्लीला मिळून एकच गवंडी मिळाला होता. ओल्या भिंतींचा गिलावा काढल्याशिवाय आतल्या विटा वाळत नाहीत, आणि विटा वाळल्याशिवाय घरात झोपणं म्हणजे आजार अंगावर घेणं. पाण्याच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत सगळा गिलावा ठोकून काढायचा, एका घराला दोन दिवस. पहिला नंबर आक्कांचा होता. आक्का सुविचारच्या शेजारच्या, एकट्या, सत्तरीच्या, दम्याच्या. गल्लीत सगळ्यात खोलगट घर त्यांचं. त्या हॉलवर दोन बाकं जोडून झोपत होत्या आणि रोज उठून आधी पंधरा मिनिटं खोकत होत्या.

सकाळी दार वाजलं. वहिनी आणि हातात छिन्नी-हातोडा घेतलेले मिस्त्री.

"भाऊजी, पहिला नंबर तुमचा," वहिनी म्हणाल्या. "आक्कांनीच सांगितलं. म्हणाल्या, मी म्हातारी, मला काय घाई. पोरगं बोलायचं थांबलंय, त्याचं घर आधी बघा."

सुविचार दारात आडवा उभा राहिला. "नको, आक्कांचं आधी..."

"बघा! अशा वेळीसुद्धा दुसऱ्याचाच विचार," वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी मिस्त्रींना हळूच आत ढकललं आणि डोळे पुसत निघून गेल्या.

मिस्त्री आत आले आणि बसायच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती. ती सुविचारनं दोन दिवसांपूर्वी चहाच्या पाण्यात ब्रश बुडवून काढली होती. पण त्याचं सगळं आयुष्य काचा मापात घासण्यात गेलेलं. त्यामुळे आधी पट्टी लावून पेन्सिलीनं आखून घेतली होती.

मिस्त्रींनी रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्याहाळली.

"पाणी फार शिस्तीचं होतं भाऊ तुमच्याकडचं."

"हो," सुविचार म्हणाला.

"कपाटामागं गेलंच नाही."

सुविचारनं कपाट थोडं भिंतीकडे सरकवलं.

मिस्त्रींनी छिन्नी लावली, घाव घातला. पुराचं पाणी प्यालेला गिलावा कसा ओल्या केकसारखा सुटून पायाशी पडतो. हा टणकन वाजला आणि त्याचा एक कपचा उडून समोरच्या फोटोच्या काचेवर बसला. खोलीभर पांढरी धूळ झाली. मिस्त्रींनी उघड्या पडलेल्या विटेला हाताची मागची बाजू लावली. मग गाल लावला. तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा बराच वेळ लावून ठेवला.

"माझ्या घरातही छातीभर आलं होतं," ते विटेकडे बघत म्हणाले. "पोरं मेव्हण्याकडे ठेवलीत."

"मिस्त्री, आता राहू द्या. तुम्ही आक्कांकडे जा."

"वहिनींनी सांगितलंय, इथलं झाल्याशिवाय हलायचं नाही."

आणि ते ठोकत राहिले. सुविचारनं थांबवायला हवं होतं. थांबवायचं तर कारण सांगायला हवं होतं. कारण एकच होतं. म्हणून तो चांगली, कोरडी, चार वर्षांची भिंत फुटताना बघत उभा राहिला, आणि मधूनमधून, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून, "अरेरे" म्हणाला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा, आणि पुन्हा आत गेली. भांड्यांचा आवाज वाढला.

दुपारी मिस्त्रींनी हात धुतले. हात धुताना, बादलीकडे बघत, त्यांनी एक म्हण म्हटली.

ती सुविचारला पाठ होती. वर्षातून दोनदा तरी तो ती फळ्यावर लिहायचा, मोठ्या अक्षरात, खाली रेघ ओढून. भरल्या घरचा माणूस उपाशांच्या पंगतीत जाऊन बसतो आणि त्यांच्या ताटातलं कमी करतो, अशा अर्थाची. ती आपण कुणाकुणाला लावली ते त्याला आठवलं. मोठी यादी होती. स्वतःचं नाव तीत नव्हतं. म्हणीची सोयच अशी की ती कुणासाठी म्हटली हे म्हणणाऱ्याला सांगावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही. इतकी वर्षं तो ही सोय वापरत आला होता. समोरच्या टोकाला उभं राहिलं की कसं लागतं, हे त्याला आज कळलं. कानशिलं तापली. कुणीही हात उगारलेला नव्हता.

तो चपला घालून थेट शाळेच्या हॉलवर गेला.

हॉलमध्ये गाद्या, बादल्या, दोरीवरचे कपडे. आक्का बाकावर श्वास मोजत असल्यासारख्या बसल्या होत्या. शेजारच्या चटईवर वहिनींचे सासरे, गल्लीचे काका. काकांना कानानं कमी ऐकू यायचं. बाकीचे आठ-दहाजण दुपारचे आडवे झाले होते.

"आलास? ये," आक्का म्हणाल्या. "झालं का रे घराचं?"

सुविचारनं ठरवूनच आणलं होतं. सरळ सांगायला जीभ धजेना, म्हणून त्यानं म्हण टाकली. लबाडीवरची होती, चांगली धारदार.

आक्कांनी मान हलवली. "खरंय. तो टँकरवाला तसाच आहे."

त्यानं दुसरी टाकली. आपल्याच हातानं स्वतःचं हसं करून घेणाऱ्यावरची.

"मुलाबद्दल म्हणतोस ना माझ्या?" आक्कांचा आवाज बारीक झाला. "फोनसुद्धा नाही त्याचा. जाऊ दे. तुला परत बोलताना ऐकून बरं वाटलं बघ."

त्या खोकायला लागल्या. खोकला लवकर थांबेना. सुविचारनं पाण्याचा पेला दिला. त्यांनी घोट घेतला, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घर वाळलं की आधी गादी नीट उन्हात घाल. ओल्यात झोपू नका रे दोघं."

त्याच्याकडे तिसरी म्हण तयार होती. ती त्यानं टाकली नाही.

"आक्का, माझं घर कोरडं आहे."

"हो, होईल की. वाळायला दिवस लागतात."

"नाही. पाणी आलंच नव्हतं. उंबऱ्याच्या आतसुद्धा नाही. मी खोटं सांगितलं. गादी मी भिजवली. तुमचा नंबर मी घेतला."

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर त्याला पुढचं वाक्य सुचलं असतं.

"काय म्हणतोय तो?" काकांनी कानामागे हात धरला.

"काही नाही काका..." आक्का म्हणाल्या.

"अं?"

सुविचार काकांकडे वळला. "माझं घर कोरडं आहे, काका."

"कोण रडत आहे?"

"कोरडं! घर कोरडं आहे!"

हॉलमधले आडवे झालेले एकेक करून उठून बसले. दोरीवरच्या कपड्यांमागून वहिनी पुढे आल्या, हातात वही तशीच.

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

"माझं!" सुविचार ओरडला. शाळेचा हॉल तो; आवाज घुमून परत त्याच्याच अंगावर आला. "दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास, सगळं चालू आहे! पहिल्या दिवसापासून! मी कुणाला बोलावलं नाही!"

वहिनींनी वही उघडली, बोटानं ओळ शोधली, त्यावर काट मारली आणि वही मिटली. त्यांनी सुविचारकडे पाहिलंच नाही. त्या आक्कांच्या औषधांची पिशवी भरायला लागल्या.

"दोन खोल्या. आक्का आणि मी मावू की," काका स्वतःशीच म्हणाले. हे त्यांना नीट ऐकू आलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले आणि वाकून चटई गुंडाळायला लागले. सुविचार पुढे झाला, चटईचं दुसरं टोक धरलं.

"राहू दे," काका म्हणाले. "मला येतं."