अर्जाला जोडलेलं चित्र

फोटो कोणीही काढतो, मी चित्र काढतो, असं मी त्या काळी चारचौघांत छाती पुढे काढून सांगत असे. आठवडाभर फोर्टात कारकुनी आणि रविवारी गळ्यात कॅमेरा, अशी माझी छप्पन्न सालची ऐट. अंधेरीचं जुनं गावठाण आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. कौलारू घरं, लाकडी गॅलऱ्या, मधोमध दगडी विहीर. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि हे सगळं आता जाणार म्हणून मी हळहळायचो. तिथं राहणाऱ्यांना काय वाटतं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

मला खूळ होतं ब्रोमॉइलचं. फोटोची साधी प्रत आधी औषधात घालून फिकी करायची, मग भिजवायची आणि जाड कुंचल्यानं तेलकट शाई ठोकत ठोकत चित्र पुन्हा वर आणायचं. हवं तिथं शाई गडद करायची, नको तिथं ती लागूच द्यायची नाही. फोटोतलं काय राहणार आणि काय जाणार, ते आपल्या मनगटावर. या गोष्टीची मला भलतीच नशा होती.

गावठाणातल्या सुगंधाबाई एकदा घरी आल्या. नवरा गिरणीत, स्वतः मालवणकडच्या, बोलायला फटकळ. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला होता. त्यांची जाऊ तिथंच घसरून पडली आणि कंबर मोडून खाटेवर होती. बायकांना सार्वजनिक नळ हवा होता. म्युनिसिपालिटीच्या कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं, अर्जाला फोटो जोडा, साहेबांना बसल्या जागी कळेल.

"भाऊ, पडलेलो कठडो नीट दिसाक व्हयो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काळजीच सोडा," मी म्हणालो.

रविवारी सकाळी गेलो. चुलींचा धूर उन्हात तरंगत होता. सुगंधाबाई कठड्याच्या खिंडाराशी उभ्या राहिल्या आणि हात लांब करून त्यांनी पडलेल्या दगडांकडे बोट दाखवलं. मी फोटो घेतला.

घरी साधी प्रत काढली तर सगळं कसं उघडंवाघडं. दगडांचा ढीग, आडवा बांधलेला बांबू, चिखल. मला लाज वाटली. विहिरीची नव्हे, असला फोटो माझ्या नावावर जाणार याची! मग दोन रविवार मी त्यावर खपलो. दगडांचा ढीग धुरात विरघळवला. बांबू घालवला. कठड्याची कड कुंचल्यानं हळूच पुढे नेली, इतकी की सुगंधाबाईंचा हात तिच्यावर अलगद टेकल्यासारखा दिसू लागला. जुन्या अंधेरीची सगळी सकाळ त्यात उतरली होती.

मृणालिनीनं, माझ्या बायकोनं, ते उजेडात धरून पाहिलं. "अहो, पण पडलेलं कुठाय?"

"वातावरण बघ ना त्यातलं."

"नळ वातावरणाला हवाय का?"

तिला कलेतलं कळत नाही, असं मी ठरवून टाकलं. चित्र पाकिटात घालून, पाकीट चिकटवूनच मी सुगंधाबाईंच्या हाती दिलं.

महिन्याभरानं साहेबांनी बोलावलं. सुगंधाबाई, आणखी दोघी आणि मी असे गेलो. साहेबांच्या हातात माझं चित्र होतं.

"वा! कुणी काढलंय हे?"

मी चटकन पुढे झालो.

"काय देखणी विहीर आहे हो तुमची! चांगली शाबूत आहे. यंदाचा नळ जिथं विहीरच नाही त्यांना देऊ या."

"शाबूत खंय सायबानू? कठडो पडलेलो आसा," सुगंधाबाई म्हणाल्या.

साहेबांनी चित्र त्यांच्यापुढे धरलं. "दाखवा, कुठे?"

सुगंधाबाईंनी ते बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं, एवढंच काम होतं माझं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "एक प्रत मिळेल का? इथं भिंतीवर लावीन म्हणतो."

"मोठी करून देतो, साहेब," मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की कान तापतात.

बाहेर आल्यावर सुगंधाबाई एवढंच बोलल्या, "मी थंय बोट दाखवी होतंय, भाऊ."

आठ दिवस मी गावठाण टाळून, लांबच्या रस्त्यानं स्टेशन गाठलं. शेवटी त्याच निगेटिव्हची साधी, स्वच्छ प्रत काढली आणि एकटाच कचेरीत गेलो. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"तेव्हा धड होता आणि आता पडला? नळासाठी लोक स्वतःच पाडतात, ठाऊक आहे मला."

"नाही साहेब. फोटो एकच आहे. पडलेलं मी झाकलं." निगेटिव्ह पुढे केली. ती त्यांनी खिडकीकडे धरली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"यातलं आम्हाला काय कळणार? म्हणजे तुम्हाला हवं ते दाखवता येतं तर."

"हो."

"मग या दुसऱ्यात तुम्ही कठडा पाडून दाखवला नाहीत, कशावरून?"

त्यांनी अर्जावर लिहिलं, फोटो विश्वासार्ह नाहीत, पाहणी पुढील वर्षी.

तसाच गावठाणात गेलो. सुगंधाबाईंना दारातच सगळं सांगितलं. शिव्या घालतील, निदान तेवढं तरी पदरात पडेल, असं वाटलं होतं. त्या बाजूला सरकल्या. "आत जावन तिकाच सांगा. ती वाट बघता."

जाऊबाई खाटेवर भिंतीला टेकून होत्या. माझ्या हातातलं पाकीट बघून म्हणाल्या, "फोटो? बघू."

मी साधी प्रत दिली. त्यांनी दगडांच्या ढिगावर बोट ठेवलं. "हयसरच पडलंय मी. अगदी बरोब्बर काढलात." चेहरा उजळला त्यांचा. "सायबान ह्यो बगल्यान?"

"बघितला."

"मगे नळ येतलो मां?"

खरं सांगायलाच मी आलो होतो. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"येईल," मी म्हणालो. "लवकरच येईल."

सुगंधाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.