दोन अँपियरची रापण

"धोंडूकाकानू, तुमका खरोखर दुरुस्ती येता, काय नुसते सोल्डरचे डाग देतास?"

विचारून टाकलं आणि अक्षयाने डोळे गच्च मिटले. हे विचारायची पैज लावणाऱ्या मैत्रिणी, तन्वी आणि दिव्या, केव्हाच रस्त्यापलीकडे पळाल्या होत्या. मालवणच्या बाजारात धोंडूकाकांचा राग प्रसिद्ध. तीस वर्षांत त्यांनी रेडिओपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळं जिवंत केलं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तेवढं जमलं नाही.

"काय हाडलंस, ता दाखय आधी," काका गुरगुरले.

तिने मॉडेल पुढे सरकवलं. वादळात होडीला सावध करणारे दिवे आणि भोंगा. एकेक लावलं तर झकास, दोन्ही एकदम लावले की सगळं थंड! उद्या कणकवलीला विज्ञान प्रदर्शन. तिथे बंद पडलं तर वायरींचं खूळ संपलं, अकरावीला मुकाट कॉमर्स, असं बाबांनी बजावलं होतं.

काकांनी चिमुकल्या रेग्युलेटरला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "ह्यो एक अँपियरचो गडी. तू दोन मागतंस. तापता आणि बसता. रापणीचा जाळा एकटो तांडेल ओढता काय गो?"

"नाय! तो हुकूम सोडता. ओढूक अख्खो वाडो लागता."

"मगे! पाच व्होल्ट ह्यो राखतलो. ओढूक बाजूक मोठो ट्रान्झिस्टर होयो. माझ्याकडे नवो नाय."

तिच्या घरच्या डब्यात एक होता. तिने फोन लावला, "बाबा, मोठो ट्रान्झिस्टर घेऊन येवा, धावत!"

अर्ध्या तासात बाबा घामाघूम होऊन हजर. काखेत टॉवेलात गुंडाळलेला आजोबांचा रेडिओ!

काका इतके हसले की चष्मा मांडीत पडला. "सत्यवाना, आता बातम्यो लाव!" मग डोळे पुसत त्यांनी भजनी मंडळाच्या मेलेल्या अँप्लिफायरमधून जाडजूड ट्रान्झिस्टर उपटला, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न अक्षयाच्या हातात दिलं. "शेवटचो डाग तू दी."

दिवे लागले. भोंगा बोंबलला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाबांनी पट्टीला हात लावून पाहिला.

"गरम आसा," ते हळूच म्हणाले, "पण दम धरल्यान."

अक्षयाने भोंगा बंद करून मॉडेल पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी आई कढी वाढत होती, बाबा भात कालवत होते.

"उद्या नंबर येवो नायतर नको," अक्षया म्हणाली, "दहावी झाली की मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाक जातलंय. विचारत नाय, सांगतंय."