चौथं प्रकरण

इंगुननं रविवारच्या शाळेतली बुटकी बाकंसुद्धा ओढून आणली, तरी भिंतीला टेकून माणसं उभीच होती. चर्चच्या सभागृहात एवढी गर्दी तिनं नाताळातही पाहिली नव्हती. सकाळी रोजचं स्तोत्र वाचायला बसली, तर दोन ओळींपुढे मन ठरेना. शेवटी आज एवढं माफ कर, असं पुटपुटत ती उठली होती.

मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा धाकटा भाऊ आयलिफ, गावातला न्हावी, वाफल भाजत होता. न्हाव्यानं पीठ कालवलंय, केस बघून खा, अशी थट्टा चालली होती. तोही हसत वाफलांवर तपकिरी चीजच्या चकत्या ठेवत होता.

एचआयव्हीसह जगणाऱ्या नऊ माणसांवरचं तिचं पुस्तक घरोघर गेलं होतं. ओस्लोत ती शेकडो लोकांपुढे बोलली होती. स्वतःच्या गावात आज पहिल्यांदाच. नऊही जणांची नावं आणि धंदे तिनं बदलले होते. चौथा, घड्याळं दुरुस्त करणारा, म्हणजे आयलिफ. हे कधी कुणाला सांगणार नाही, असा तिनं त्याला शब्द दिला होता. गावात न्हाव्याची खुर्ची एकच. ती ओस पडली, तर त्यानं जायचं कुठे?

तिनं नेमकं चौथंच प्रकरण वाचलं. रोजची एक गोळी, तपासणीत सापडणारही नाही इतका दबलेला विषाणू, आणि तरीही बहिणीच्या घरी स्वतःचा कप वेगळा ठेवणारा माणूस. वाचता वाचता तिचे कान तापले, आवाज चढला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात.

म्हातारे हालवार्डकाका उठले. जन्म होडीवर गेलेला, आवाज अजून वाऱ्यावर मात करणारा.

"सगळं पटलं बघ, इंगुन. पण असल्या माणसाच्या हाती वस्तरा देऊन तू मान पुढे करशील?"

"करीन."

"बोलायला काय जातंय."

हशा पिकला. इंगुननं खिडकीकडे बघायचं टाळलं.

"काका," तिकडून आयलिफचा आवाज आला. तो फडक्याला हात पुसत होता. "अकरा वर्षं तुम्हीच मान पुढे करताय. कालही केलीत."

हसणं जिथल्या तिथे विरलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं अर्धं खाल्लेलं वाफल कागदी रुमालाखाली झाकलं. हालवार्डकाकांचा हात मानेवर गेला, ताज्या कापलेल्या केसांवरून हळूहळू फिरला आणि डाव्या कानामागे थांबला.

"इथे थोडे राहिलेत," ते म्हणाले. "मंगळवारी उघडतोस ना?"

"नऊला."

"मग येतो. आणि ते वाफल जळतंय, बघ."

आयलिफ वळला. इंगुनचं बोट अजून चौथ्या प्रकरणातच होतं. पुस्तक मिटायचं राहूनच गेलं.