माणशी अठ्ठ्याऐंशी डॉलर

गोड बोलणाऱ्या माणसाचं मला वावडं आहे. नव्या साहेबानं रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या ताईच्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

आमचं आकडेवारीचं खातं. कोणत्या देशाचं सरकार आरोग्यावर माणशी किती खर्च करतं, त्याचा तक्ता आम्ही दरवर्षी करतो. एकशे चाळीस देश, एकशे चाळीस ओळी. लोकांना वाटतं, कोण वाचतं असलं काही! पण त्यातल्या आमच्या ओळीवर माझ्या ताईचा जीव टांगलेला आहे. तिला रक्ताचा आजार आहे, दर गुरुवारी एक इंजेक्शन लागतं. ते एका परदेशी निधीतून फुकट मिळतं, आणि तो निधी माणशी नव्वद डॉलरच्या आत असलेल्या देशांनाच मदत करतो. नव्वदच्या वर गेलात की तुमचं तुम्ही बघा. विकत घ्यायचं तर माझा अख्खा पगार दोन इंजेक्शनांत उडेल.

गेल्या वर्षी आम्ही चौऱ्याऐंशीवर होतो. यंदा साहेबानं केलेल्या कच्च्या तक्त्यात अठ्ठ्याऐंशी आले. बाकीचे आकडे वाचतात, मी तळटीप वाचते. लोकसंख्या पन्नास लाख, आठ वर्षांपूर्वीच्या मोजणीची. अहो, यंदा नवी मोजणी झाली की! तिचा गठ्ठा महिनाभर याच्याच कपाटात कुलपात पडलाय. आठ वर्षांत माणसं वाढतातच, चौपन्न लाख तरी झाली असतील. एकूण खर्च चव्वेचाळीस कोटी डॉलर, भागिले चौपन्न लाख, म्हणजे माणशी साडेएक्याऐंशी. मग हा जुन्या मोजणीनं भागून आकडा का फुगवतोय? उघडच होतं. शेजारच्या देशापेक्षा आपण जास्त खर्च करतो असं दाखवून वरच्यांकडून पाठ थोपटून घ्यायची. यंदा अठ्ठ्याऐंशी, पुढच्या वर्षी ब्याण्णव, आणि ताईचं इंजेक्शन बंद.

मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. मी केबिनमध्ये शिरले की हा उघडी फाईल मिटायचा. फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायचा. नवी मोजणी कधी वापरायची, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तपासणी चालू आहे म्हणाला आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा! मला काय कुकुलं बाळ समजतो? घरी नवरा म्हणाला, तू घड्याळावरसुद्धा संशय घेशील. मी म्हटलं, आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहेच.

सोमवारी मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. जुनी मोजणी वापरून आकडा फुगवला जातोय, नियमाप्रमाणे नवी वापरावी. खाली ठसठशीत सही केली. बुधवारी वरून हुकूम आला, नव्या लोकसंख्येनं भागा आणि तक्ता आजच पाठवा.

साहेबानं मला बोलावलं. मी पदर खोचूनच गेले. तो चिडला नाही, ओरडला नाही. गठ्ठ्यातलं पहिलं पान त्यानं माझ्यापुढे सरकवलं. लोकसंख्या, सत्तेचाळीस लाख.

छपाईची चूक असेल म्हणून मी पुढची पानं उलटली. प्रत्येक जिल्ह्याचा आकडा खाली आलेला. कामासाठी देश सोडून गेलेली सगळी तरुण पोरं त्यातून वजा झाली होती. माझा स्वतःचा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला, त्याच्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवलंय, आणि तरी मी म्हणत होते की माणसं वाढतातच.

"माणशी त्र्याण्णव पूर्णांक सहा," साहेब म्हणाले. "निधीनं आणखी एक वर्ष द्यावं म्हणून मी महिनाभर त्यांच्याशी बोलत होतो. तोवर हा आकडा बाहेर जायला नको होता."

"मला सांगायचं होतंत."

"आकडा लपवला ही चूकच होती, मॅडम. तुम्हालाही त्यात कशाला ओढू?"

मला माझीच चीड आली. तक्ता मीच टाईप केला आणि मीच पाठवला.

गुरुवारी नेहमीप्रमाणे ताईबरोबर औषध केंद्रावर गेले. मी साहेबावर पाळत ठेवलीय, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. सुई काढून नर्स पुढच्या खाटेकडे वळली तशी ताई शेजारच्या बाईंना कौतुकानं सांगायला लागली.

"ही माझी धाकटी बहीण. ही होती म्हणून, नाहीतर त्या साहेबानं आपल्या सगळ्यांचं औषध घालवलं असतं."

त्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्या गेल्यावर मी ताईला सगळं सांगितलं, पत्रासकट, सहीसकट. तिनं दंडावरचा कापूस काढून पाहिला आणि परत दाबून धरला. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"किती राहिलीत?" तिनं विचारलं.

केंद्रात ताईच्या नावाची किती इंजेक्शनं शिल्लक आहेत, हे मी सकाळीच नर्सला विचारून ठेवलं होतं.

"अकरा."

"आजचं धरून?"

मी हो म्हणाले.