न जळलेल्या फ्यूजचे गाऱ्हाणे

मी एक फ्यूज आहे. नखाएवढा, लाल रंगाचा, माथ्यावर दहाचा आकडा असलेला. हिर्डोशीच्या रामभाऊंच्या जुन्या व्हॅनमध्ये, स्टिअरिंगखालच्या काळ्या डबीत माझी जागा आहे. मागच्या दिव्यांची आणि मीटरच्या उजेडाची वीज माझ्या अंगातून जाते. ती बेफाम झाली, तर आधी मी जळायचे आणि गाडी वाचवायची, यासाठीच माझा जन्म झाला. मी अजून जळलेलो नाही. माझे दुःख हेच आहे.

रामभाऊंच्या मुलाने, सम्राटने, मला माझ्या भावंडांसह भोरच्या दुकानातून एका पुडीत आणले. तेव्हा त्या घराला एकच काळजी होती. त्याची आई, सरूबाई, भाताच्या खाचरात घसरून पडल्या होत्या. प्लास्टर निघाले, पण डावा गुडघा वाकेना. व्यायामासाठी त्यांना भोरच्या दवाखान्यात न्यावे लागे. पाय लांब करता यावा म्हणून रामभाऊ पुढची सीट पार मागे सरकवत, तिच्यावर गोधडी घालत आणि मग त्यांना बसवत.

"बस ऐसपैस, म्हाराणीगत."

"म्हाराणीला गुडगा वाकवता येतो," सरूबाई म्हणत.

जाताना ऊन असे. परतताना संध्याकाळ होई, सम्राट दिवे लावी, आणि एखाद्या खड्ड्यात चाक आपटले की मीटर काळे पडे. मागचे दिवेही गेलेले असत. एकदा घाटाच्या धुक्यात मागून आलेला टेम्पो टेकता टेकता थांबला. "मागं दिवा न्हाई व्हय रं? मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला. सरूबाई त्यानंतर घर येईपर्यंत वळून वळून मागे पाहत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी सम्राट अंगणात दुरुस्तीला बसे. जळालेला फ्यूज उपसून उन्हाकडे धरी, आतली तुटलेली तार पाही, नवा बसवी. बल्ब काढून पुसी. सीटखाली पाहण्यासाठी ती पुढे ओढी आणि मोबाईलचा उजेड पाडी. सगळे ठीक दिसे. दिवे लागत, आणि लागलेलेच राहत.

दोष मात्र तिथेच होता. मागच्या दिव्यांची तार त्या सीटखालून, चटईच्या आडून जाते. सीट पार मागे गेली की तिच्या पट्टीचा बोल्ट तारेवर चढतो, आणि धक्का बसताच सोललेली तार लोखंडाला टेकते आणि फ्यूज जळतो. सीट पुढे ओढली की तार मोकळी होते. सम्राट ज्या हाताने दोष शोधत होता, त्याच हाताने तो झाकत होता.

माझी चार भावंडे अशी गेली. मला बसवले, त्या दिवशी सरूबाई पायरीवर बसल्या होत्या.

"म्या बसते तवाच दिवे जात्यात," त्या म्हणाल्या. "माझाच पायगुण."

"आये, पायगुण-बियगुण आपन मानत न्हाई."

"म्या तरी कुठं मानते? पन दिवे मानत्यात, त्याला काय करू?"

त्या हसल्या. दुसरे कोणी हसले नाही.

त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. रामभाऊ रागावले, सम्राटने हात जोडले. त्या हलल्या नाहीत. सीट पुढेच राहिली, तार मोकळी राहिली, आणि मी शाबूत राहिलो. माझे शाबूत राहणे हाच त्यांचा पुरावा झाला. गाडी नीट परतली की त्या म्हणत, "बगा, म्या नव्हते तर आलात का न्हाई सुखरूप?" दवाखाना सुटला. गुडघा लाकडासारखा झाला.

परवा भोंगवलीला त्यांच्या लेकीच्या, वनिताच्या, मुलीचे बारसे होते. सरूबाईंनी स्वतः शिवलेले दुपटे रामभाऊंच्या हाती दिले. "तिला म्हनावं, आजीचा पाय दुकतोय." संध्याकाळी आम्ही परतलो, तेव्हा त्या पायरीवरच होत्या. गाडी वळताना मागचा तांबडा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. "किती झ्याक लागल्यात," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

सम्राट, आईची आणखी समजूत घालू नकोस. ती सीट एकदा रिकामीच पार मागे सरकव, दिवे लाव आणि गाडी अंगणातल्या खाचखळग्यांतून फिरव. मी जळेन. मग चटई उचल आणि त्यांना हाताला धरून तिथे आण. ती तार त्यांना स्वतः पाहू दे. मला खुशाल उकिरड्यावर टाक. पण त्याआधी मला त्यांच्या तळहातावर ठेव, आणि सांग की हा जळाला तेव्हा, आये, तू गाडीत नव्हतीस.