वाळवीने खाल्लेल्या पानाचा चमत्कार

पवित्र सप्ताहातला सोमवार. चॅपेलच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता. कालपर्यंत अंगठा उठवणाऱ्या आलिंग, म्हणजे मावशी, रुफिना प्रभूच्या दुःखभोगाची पोथी मांडीवर घेऊन एकही अक्षर न अडखळता गात वाचत होत्या. बायका डोळे पुसत होत्या. खरं सांगतो, माझेही पाणावले. ती चाल कानी पडली की मी विरघळतोच.

शेजारी माठ घेऊन तातांग, म्हणजे बाबा, ऊर्बानो बसले होते. "या पाण्यात सगळी अक्षरं विरघळवलीत. एक पेला, तीन दिवसांत वाचन. फक्त माकुळ मासळी खायची नाही. तिच्या पोटातल्या शाईने अक्षरं गढूळ होतात."

त्याच संध्याकाळी आमच्या प्रौढ वर्गात सव्वीसपैकी तीन जणी आल्या; रुफिनाही नव्हत्या. वर्ग चालवणारी आमची संस्था लहान. पंधरापेक्षा कमी हजेरी झाली की गावसभागृहाची खोली परत करायची, असा ठराव होता. पण आमच्या शिक्षिका एद्ना यांना काळजी वेगळीच होती.

"सर, आलिंगच्या नवऱ्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आहेत. एक प्यायची, एक गुडघ्याला चोळायची. रोज मी ओळखून देते. आज म्हणाल्या, आता तू नको गं, माझं मी वाचते."

"उद्या त्या दोन्ही बाटल्या घेऊन या," मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळी आम्ही अंगणात गेलो. रुफिना गातच होत्या. एद्ना त्यांच्या मागे जाऊन कडवं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी पान वर धरलं. मधोमध वाळवीने तळहाताएवढं भोक पाडलं होतं. भोकातून तातांगचा माठ दिसत होता.

"आलिंग, या भोकातल्या चार ओळी तुम्ही कुठून वाचल्यात हो?"

"कुठून म्हणजे? पुढे त्याच येतात."

कोणीतरी फिसकन हसलं. आमच्याकडे पाबासाला, म्हणजे या दुःखभोगाच्या गायनाला, पाळीपाळीने बसतात. वाचता येवो न येवो, पुढ्यात पोथी उघडी ठेवायची ही रीत. रुफिना वयाच्या आठव्या वर्षापासून अशाच बसत आल्या होत्या.

एद्नांनी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढल्या. "यातली प्यायची कुठली?"

रुफिनांनी लेबलांवर बोट फिरवलं. ओठ हलले, पण शब्द येईना. शेवटी त्यांनी चोळायची उचलली.

"माकुळ खाल्ली असणार," तातांग म्हणाले.

"नाही हो, शपथ. घरात नुसतं भात-मीठ आहे."

"मग वाळवीने खाल्ली असेल," एद्ना म्हणाल्या. आता अंगण मोकळेपणाने हसलं. तातांगनी माठावर फडकं बांधलं.

मीही हसत होतो. तेवढ्यात रुफिना माझ्याकडे वळल्या.

"सर, गेल्या वर्षी देणगीवाले पाहुणे आले होते ना, तेव्हा मी फळ्यावरचा धडा वाचला. तोही असाच पाठ होता. महिनाभर आम्ही तो एक सुरात म्हणत होतो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तेव्हा नाही विचारलंत, कुठून वाचलंत म्हणून."

हसू ओठांवरच राहिलं. त्या वर्षीच्या अहवालात 'साक्षर झालेल्या : एकेचाळीस' हे मीच लिहिलं होतं, आणि त्यात रुफिनांचं नाव होतं. तातांगला निदान माठ तरी लागत होता.

त्या आठवड्यात एद्नांनी त्या एकेचाळीसपैकी प्रत्येकीला तिने कधी न ऐकलेली एक ओळ दिली. ती वाचली नऊ जणींनी. सुधारून पाठवलेला अहवाल पाहुण्यांना रुचला नाही. वर्गात मात्र हळूहळू अठरा जणी परतल्या आणि खोली राहिली. रुफिनांच्या दोन्ही बाटल्यांवरचे शब्द शिकवायला पाच आठवडे लागले.

मंडळी, चोपन्न वर्षांच्या गाण्याने ते सगळं एका बाईच्या काळजात उतरलं, याचं मोल मोठंच आहे. त्याला पेलाभर पाण्याचा टेकू कशाला? कोणी म्हणालं, मला वाचता येतं, तर त्याला नवी ओळ द्या. कोणी म्हणालं, आम्ही वाचायला शिकवलं, तर त्यालाही शिकवलेल्यांपुढे नवी ओळ ठेवायला लावा. हात जोडायचेच असतील तर त्यानंतर जोडा.