इंजिनाचं निमित्त

मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावाच्या गलक्यातही गुणवंतीचा आवाज वेगळा ऐकू यायचा. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाची ती अशी फिरकी घ्यायची, की तो मुकाट्याने पिशवी पुढे करी. आज मात्र बाळांच्या दवाखान्यात डॉक्टर मृणालीबाईंनी एक साधा प्रश्न विचारला आणि ही बाई तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

समोर उबेच्या पाळण्यात तिची नात होती. नाव ठेवायचं होतं अजून. काल रात्रीपासून पोर तापली होती आणि दूध ओढेनाशी झाली होती. रक्तात जंतू शिरलेत, इंजेक्शन लगेच सुरू करायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेक रुचिरा टाके पडलेली, वरच्या मजल्यावर. जावई सर्वेश लोटे गावच्या कंपनीतून निघालेला, वाटेत. पाळण्यापाशी होत्या त्या दोन आज्या, गुणवंती आणि तिची विहीण सुनंदा.

"या औषधाने एखाद्याचे कान जातात, म्हणून विचारते," डॉक्टर पुन्हा म्हणाल्या. "रुचिराच्या आजोळी कुणाला इंजेक्शनं घेतल्यावर ऐकू येईनासं झालंय का?"

सुनंदाच आधी बोलली. "हेंचो भाऊस बहिरा हाय. पन तो विंजिनानं. होय ना वो, विहीणबाय?"

गुणवंतीने मान हलवली.

गुणवंतीचा भाऊ भिवा तांडेल होता, होडीवरचा म्होरक्या. होडीचं इंजिन बंद करायचा, वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसरं कानाला लावायचा आणि घोळ मासा कुठे घुमतोय ते ऐकून जाळं टाकायला सांगायचा. मग त्याला टीबी झाला. सुया टोचल्या, छाती बरी झाली आणि कान गेले. त्यांची आई गोदा, तीही तरुणपणी अशाच सुयांनी बहिरी झालेली. हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं तेव्हा रुचिराचं ठरत आलेलं पहिलं लग्न मोडलं. बहिऱ्यांच्या घरातली मुलगी नको म्हणाले. म्हणून दुसऱ्या स्थळाला घरच्यांनी इंजिनाचं निमित्त सांगितलं. हजार खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं! आणि दर्यावरच्या माणसांना त्यात संशय तरी कसला यायचा? इंजिनाच्या धडधडीपायी निम्मं बंदर ओरडूनच बोलतं.

सिस्टर सुई भरू लागली.

गुणवंतीने सुनंदाकडे पाहिलं. बोललं तर ही बाई माझ्या लेकीला धड नांदवेल? आणि न बोललं तर? तिला भिवा आठवला. बरा होऊन पहिल्यांदाच दर्यावर गेला होता. दिवसभर वल्हं कानाला लावून बसला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतून तिला म्हणाला, "गुणे, आज दर्या गप का गो?"

सिस्टरने पोरीच्या हाताला लावलेली नळी धरली.

"थांबा!" जेटीवरचा आवाज फुटला. "नका देव तां! खोटा बोल्ले मी. भावाचे कान विंजिनानं नाय गेले, टीबीच्या सुयांनी गेले. आयशीचे पन तसेच."

डॉक्टरांनी सिस्टरचा हात धरला. भरलेली सुई ट्रेमध्ये पडली. "दुसरं औषध काढा, पटकन. हे अजिबात नाही," त्या म्हणाल्या आणि गुणवंतीकडे वळल्या. "बरं झालं बोललात. हा दोष आईकडून मुलांकडे उतरतो. असेल तर एका डोसानेसुद्धा कान जाऊ शकतात. रक्त तपासायला पाठवू, तोवर धोका नको."

सिस्टर धावली. सुनंदा गुणवंतीकडे वळली.

"आनि आमाला विंजिन सांगितलंत!" रुचिरासाठी आणलेला पेजेचा डबा तिने टेबलावर असा आदळला, की झाकण उडून फरशीवर खणखणत गेलं.

पाळण्यातली पोर दचकली. दोन्ही हात हवेत फेकून तिने भोकाड पसरलं.

दोघी आज्या जागच्या जागी थिजल्या. झाकण उचलायला वाकलेली सुनंदा तशीच खाली बसली. राग उतरला नव्हता, पण डोळे भरून आले.

"आयकलान वो तिनं," ती म्हणाली.

गुणवंतीने हात जोडले. "काय बोलायचा तां मला बोला, विहीणबाय. रुचिराला बोल लावू नका."

"तां मागनं बघू. आदी वर जावा!" सुनंदा ओरडली. "तिला पन सुया टोचतायत ना सकाळपासून? कसल्या त्या इचारा!"

गुणवंतीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ती जिन्याकडे धावत सुटली.